तुम्ही विचारलंत म्हणून: आठवर ठेवू की सोळावर?

मी जळगावात ॲम्प दुरुस्त करतो. भुसावळ, चाळीसगाव, धुळ्याकडूनही गिटारवाले येतात. ज्याच्याकडे व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, ॲम्प आहे तो आज ना उद्या विचारतोच, "भाऊ, मागचं ते ४-८-१६चं बटण कशावर ठेवलं म्हणजे टोन भारी येतो?"

कॅबिनेट (स्पीकरची पेटी) जितक्या ओहमचं (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), तितक्यावर. ते टोनचं बटण नाहीच. तरीही ते फिरवलं की आवाज बदलतो, हे तुमच्या कानाने बरोबर ऐकलंय.

व्हॉल्व्हला स्पीकर थेट चालवता येत नाही. त्याला हजारो ओहमचा लोड लागतो, स्पीकर असतो आठ-सोळाचा. मध्ये आऊटपुट ट्रान्सफॉर्मर बसतो, ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्ससारखा. ईएल३४ या व्हॉल्व्हची जोडी असलेल्या ५० वॅटच्या ॲम्पमध्ये हा लोड साधारण ३४०० ओहम धरतात. बटण ८वर ठेवून १६चं कॅबिनेट जोडलं, तर व्हॉल्व्हला ६८०० दिसतात. करंट कमी, ताकद कमी, आवाज लवकर फाटायला लागतो. कुणाला तेच आवडतं. उलट केलं, म्हणजे बटण १६वर आणि कॅबिनेट ८चं, तर १७०० दिसतात आणि व्हॉल्व्ह जास्त तापतात. आमच्याकडच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, मांडवाखाली तीन तास हे करू नका.

बटण आणि कॅबिनेट जुळलेले असतील तर ८ काय आणि १६ काय, ताकद तेवढीच. ५० वॅटला ८ ओहमवर २० व्होल्ट लागतात, १६वर २८. फरक ऐकू आलाच तर तो बहुधा स्पीकरचा असतो. एकाच मॉडेलच्या ८ आणि १६ ओहमच्या स्पीकरची कॉइल वेगळी, म्हणून आवाजही थोडा वेगळा.

स्पीकरवर छापलेला आकडा हे फक्त नाव आहे, हे मला मनापासून सांगायचंय. ८ ओहमच्या स्पीकरला मल्टिमीटर लावा, साडेसहा-सातच्या आसपास दाखवेल. पुष्कळ जण तेवढ्यावरून स्पीकर गेला समजतात. तो ठणठणीत असतो. मीटर फक्त कॉइलच्या तारेचा डीसी रेझिस्टन्स मोजतो. वाजताना तोच स्पीकर खाली शंभर हर्ट्झच्या आसपास, जिथे स्पीकरचा कोन (पुढचा पडदा) आपणहून डोलतो, आठाच्या कितीतरी पट चढतो, मग साधारण चारशेच्या आसपास खाली येतो आणि वरच्या सुरांत कॉइलच्या इंडक्टन्समुळे पुन्हा चढत जातो. व्हॉल्व्हचा ॲम्प या चढउताराला दाद देतो, म्हणून त्याचा खालचा ठेका भरदार आणि वरची तार झणझणीत लागते. ट्रान्झिस्टरवाला सहसा देत नाही.

आता निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे बाहेर जाणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून ॲम्पमध्ये मागे देणं. काही ॲम्पमध्ये त्याची तार ट्रान्सफॉर्मरच्या १६च्या टोकावर असते, काहींत ८ किंवा ४च्या. ४च्या टोकावर व्होल्टेज १६च्या निम्मं, म्हणून फीडबॅकही निम्मा. आवाज उघडा होतो, कडक होतो, प्रेझेन्सची (वरच्या सुरांच्या बटणाची) पकड सैल पडते. ही तार कुठे आहे हे आधी बघतो, कारण बटणाने टोन बदलला असं वाटतं तेव्हा कधीकधी खरं कारण हीच तार असते. व्हॉक्सच्या एसी३० या ॲम्पमध्ये हा फीडबॅकच नाही.

ओहम जुळवायचा हिशोब आपल्या मंडपवाल्यांना पक्का पाठ असतो. १६चे चार भोंगे पॅरललमध्ये जोडले की ४ ओहम, मग तार ४च्या टोकावर. कॅबिनेटमध्येही तेच: ८चे दोन पॅरललला ४, सिरीजला १६.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकरशिवाय चालू करून वाजवू नका. ट्रान्सफॉर्मरमध्ये इतकं व्होल्टेज उसळतं की आतल्या आत ठिणगी पडून वायंडिंग जळतं. बटण फिरवायचं तेही ॲम्प बंद करूनच. ट्रान्झिस्टरला उघडा ठेवला तरी सहसा चालतं, पण त्याला लिहिलेल्यापेक्षा कमी ओहम दिलेले सोसत नाहीत.

दाखवायला याल तेव्हा नुसता हेड (स्पीकरशिवायचा ॲम्प) आणू नका, कॅबिनेट आणि दोघांमधली केबलही आणा.