झाडाला कंस दिसत नाहीत

आमच्या प्रोग्रामरांच्या टीममध्ये दोन पंथ आहेत, कंस घालणारे आणि कंस काढणारे. पहिल्या पंथातला माणूस साधं भाडं अधिक टॅक्स लिहितानासुद्धा दोन्ही बाजूंनी कंस लावतो, उगाच रिस्क कशाला म्हणून, आणि दुसऱ्या पंथातला रिव्ह्यूला, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासायला, बसला की पहिल्याचे कंस एकेक करून उडवतो आणि खाली लिहितो, गरज नाही. यावरून चहाच्या वेळी बरंच बोलणं होतं. मी दोघांबरोबर चहा पितो त्यामुळे माझं मत विचारू नका. पण मजा अशी की ज्याच्यासाठी हा सगळा आटापिटा चाललेला असतो त्या कंपायलरला, म्हणजे आपला कोड मशीनच्या कामाचा करून देणाऱ्या प्रोग्रामला, हा वादच पोचत नाही (आम्ही लिहितो त्या पायथन भाषेला कुठला आलाय कंपायलर, असं कुणी म्हणण्याआधी सांगतो, पायथनपण चालवायच्या आधी कंपाइलच करतो, फक्त गाजावाजा करत नाही). कोड त्याच्या हातात पडला की थोड्याच वेळात त्याचं एक झाड होतं, आणि पायथनच्या त्या झाडात कंस नसतात.

झाड म्हणजे सिंटॅक्स ट्री. मूळ वर, पानं खाली, असं उलटं. आधी मजकुराचे तुकडे होतात, टोकन म्हणतात त्यांना, नाव वेगळं, आकडा वेगळा, वजाचं चिन्ह वेगळं. मग कंपायलरमधला पार्सर नावाचा भाग ठरवतो की कोण कुणाच्या पोटात बसणार. १० - ४ - ३ घ्या. सगळ्यात वर वजाबाकीचा एक नोड (झाडातला एक सांधा), त्याच्या उजव्या हाताला ३, आणि डाव्या हाताला अख्खा दुसरा वजाबाकीचा नोड, ज्याच्या खाली १० आणि ४. उत्तर ३. तेच झाड उजवीकडे कललं असतं तर १० मधून १ गेला असता आणि उत्तर आलं असतं ९. घाताचं चिन्ह मात्र खरंच उजवीकडे कलतं, २ घात ३ घात २ असं सलग लिहिलं तर पायथन ५१२ देतो, ६४ नाही, आणि उणे २ चा वर्ग विदाउट कंस लिहिला तर उणे ४ येतात, कारण वर्ग आधी खाली जाऊन बसतो आणि उणे त्याच्या डोक्यावर. कंस घातले तर झाडाचा आकार बदलतो. आकार बदलला की कंसाचं काम झालं, मग त्याला नोंदवून ठेवायचं कारणच उरत नाही. आणि जिथे कंस घालूनही आकार तोच राहतो, तिथे तो घातला होता हे झाडाला कधी कळतच नाही. म्हणजे रिव्ह्यूतला तो वाद निव्वळ माणसांचा माणसांशी आहे. असू दे, कोड माणसंपण वाचतात.

हे सगळं आपण शाळेत केलेलं असतं हे मला परवा कळलं. गोव्यात फोंड्याला बहिणीकडे गेलो होतो, बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, आणि भाची इन्व्हर्टरच्या एका ट्यूबखाली मराठीचं पुस्तक घेऊन बसली होती. मामा, हें कितें, म्हणून तिने वही पुढे केली. वाक्यपृथक्करण! उद्देश्य, उद्देश्यविस्तार, विधेय, विधेयविस्तार, सगळी मंडळी जशीच्या तशी हजर. वाक्य होतं, आमच्या शेजारच्या काकांचा थोरला मुलगा काल सकाळी नवीन स्कूटर घेऊन आला. तिने तक्ता बरोबर भरला होता, उद्देश्य मुलगा, विधेय आला, बाकी सगळं विस्ताराच्या रकान्यांत. मला राहवलं नाही, मी वहीच्या मागच्या पानावर त्याचं झाड काढून दाखवलं. कारण तक्त्यात एक गोष्ट हरवते, उद्देश्यविस्तारात आमच्या शेजारच्या काकांचा थोरला हे सगळं एका डब्यात कोंबलेलं असतं, पण थोरला मुलाला चिकटलाय, शेजारच्या काकांना, आणि आमच्या हे शेजाराला, एकाच्या आत एक. कंपायलर असा डबा चालवून घेणार नाही, त्याला प्रत्येक फांदी कुठून फुटली ते पाहिजे. भाचीने झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, मामा, बाईंक तक्तो जाय. म्हणजे बाईंना तक्ताच हवाय.

ठीक आहे. पण मग मी तिला दुसरं वाक्य घातलं (लाईट यायला वेळ होता), जुन्या स्टँडच्या हॉटेलात भाजी-पाव खाल्ला. जुनं काय, स्टँड की हॉटेल? तिने एका सेकंदात सांगितलं स्टँड, कारण तिला ते हॉटेल माहितीये, मागच्याच वर्षी नवीन काऊंटर झालाय तिथे. व्याकरणाने मात्र दोन्ही झाडं चालतात. आपण झाड निवडतो ते गावाच्या माहितीवर. आणि कंपायलरलापण कधीकधी गावाची माहिती लागते. सी भाषेत ए, मग स्टार, मग बी, मग सेमीकोलन एवढंच लिहिलं तर तो गुणाकार असू शकतो, नाहीतर बी नावाचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) जाहीर केलेला असू शकतो, ए हे साधं व्हेरिएबल आहे की टाइपचं नाव यावर सगळं अवलंबून. त्यामुळे बिचाऱ्या सीच्या पार्सरला झाड बांधता बांधता मागे वळून विचारावं लागतं, हा ए कोण, कुणाचा? ज्यांनी सीचे पार्सर लिहिलेत ते याबद्दल फार प्रेमाने बोलत नाहीत.

आता झाड आणि डोळा यांची फारकत झाली की काय होतं याचं माझं लाडकं उदाहरण २०१४ सालचं आहे. फेब्रुवारीत ॲपलने घाईघाईने आयफोनचा अपडेट काढला, ७.०.६. सुरक्षित कनेक्शन तपासणाऱ्या सी कोडमध्ये एक इफ (जर अमुक तर तमुक) होता, त्याच्या खाली थोडं आत सरकवून लिहिलेली गोटू फेल (मधलं सोडून थेट शेवटाकडे उडी मार) ही ओळ, आणि तिच्या खाली, तेवढीच आत सरकवलेली, तीच ओळ परत एकदा. डोळ्याला दोन्ही ओळी इफच्या आतल्या वाटतात. पण सीमध्ये महिरपी कंस नसले तर इफच्या पोटात एकच ओळ जाते. दुसरी गोटू झाडात इफच्या शेजारी जाऊन बसली, त्याच्या बरोबरीची स्वतंत्र ओळ म्हणून, आणि तिथे पोचलं की ती प्रत्येक वेळी चालायची. पुढची, शेवटची सही तपासायची पायरीच गळाली, आणि तोवर काही चुकलेलं नसल्यामुळे निकाल मात्र सगळं ओके असाच जायचा. तो कोड किती जणांच्या नजरेखालून गेला असेल विचार करा. झाड काढून बघितलं असतं तर शेंबड्या पोरालापण दिसलं असतं की दोन गोटू दोन वेगळ्या मजल्यांवर आहेत. नंतर २०१६ मध्ये जीसीसी या सीच्या कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत अशा फसव्या मोकळ्या जागेबद्दल वॉर्निंग द्यायची सोय आली. पायथनने हा प्रश्न आधीच निकालात काढला होता, तिथे आत सरकणं हेच टोकन आहे, बाहेर येणं हेपण, त्यामुळे डोळा आणि झाड एकच गोष्ट बघतात. पायथनच्या स्पेसना नावं ठेवणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो. ऐकत नाहीत.

पण मला खरं गुंतवून ठेवतात ते नोडांचे प्रकार. म्हणजे असं बघा, कुणीतरी बसून यादी केलीये की या भाषेत वस्तू म्हणून काय काय मोजायचं, आणि ती यादी वाचताना भाषा बनवणाऱ्याचा स्वभाव कळतो. पायथनच्या यादीत एलिफ (नाहीतर, जर) नाही. आपण रोज लिहितो, पण झाडात फक्त इफ, आणि त्याच्या एल्सच्या फांदीत दुसरा इफ, त्याच्या एल्समध्ये तिसरा. सरळ खाली उतरलेली शिडी म्हणून आपण जे लिहितो ते झाडात एकाच्या पोटात एक असं खोल जात राहतं. एलिफ हा केवळ लिहिणाऱ्याचा लाड. उलट एक्स अधिक बरोबर १, म्हणजे एक्स वाढवा, याला मात्र स्वतंत्र नोड दिलाय.

मग आणि हा शब्द. क आणि ख आणि ग असं लिहिलं तर पायथन एकच नोड करतो आणि तिघांना त्याच्याखाली शेजारी शेजारी बसवतो. पण क अधिक ख अधिक ग लिहिलं की लगेच दोन नोड, एकात एक. मला आधी हा निव्वळ पक्षपात वाटला होता. पण नाही, कारण आहे. अधिकमध्ये कुणाला आधी जोडलं याने फरक पडतो, ०.१ आणि ०.२ आधी मिळवून मग ०.३ मिळवले तर मशीन ०.६००००००००००००००१ दाखवतं, आणि ०.२ आणि ०.३ आधी मिळवले तर गुपचूप ०.६. आणिला असली भानगड नाही, डावीकडून बघत जायचं आणि पहिला खोटा सापडला की थांबायचं, कंस कुठेही घाला. तुलनेलापण पायथनने असाच एक नोड दिलाय, १ लहान एक्स लहान १० हे आपण वहीत लिहितो तसं लिहिता येतं आणि ती एकच वस्तू असते. सीमध्ये हेच लिहा, मुकाट चालतं, पण आधी १ लहान एक्सचं उत्तर निघतं ० किंवा १, आणि मग ते १० पेक्षा लहान आहे का हे विचारलं जातं. असतंच की! कायम खरं. एका भाषेचा नोड दुसरीत नाही म्हणून.

अजून एक गंमत सांगतो आणि मग यादी सोडतो. एक्स बरोबर एक्स अधिक १ मध्ये एक्स दोनदा येतो, दोन्ही अक्षरं तीच, पण झाडात डावीकडच्या एक्सवर स्टोअर अशी चिठ्ठी असते आणि उजवीकडच्यावर लोड. एक घ्यायला बसलाय, एक द्यायला. प्रोग्रामिंग शिकवताना पोरांना ही ओळ गणित म्हणून चुकीची वाटते, हे काय बरोबर कसं असेल म्हणतात, त्यांना सरळ या दोन चिठ्ठ्या दाखवाव्यात असं माझं मत आहे.

आणि या याद्या काही दगडावरच्या रेघा नाहीत. पायथनमध्ये पूर्वी आकड्याला वेगळा नोड होता, स्ट्रिंगला (अवतरणातल्या मजकुराला) वेगळा, खरं, खोटं आणि नन (काहीच नाही) यांना तिसराच, २०१९ मध्ये ३.८ आलं आणि सगळ्यांना कॉन्स्टंट या एका नावाखाली घेतलं. कितीतरी लोकांची हत्यारं त्या जुन्या नावांवर चालत होती.

झाडाबद्दल बोलायचं आणि लिस्प या जुन्या, कंसांनी भरलेल्या भाषेचं नाव नाही घ्यायचं असं चालत नाही. ती बनवणाऱ्या जॉन मॅकार्थीने १९६० च्या त्याच्या पेपरात कंसांची जी पद्धत दिली ती मशीनच्या आतल्या डेटासाठी होती, माणसांनी लिहायला त्याच पेपरात वेगळी सोयीची पद्धत होती. ती पुढे कधी रुजलीच नाही, लोकांना कंसच आवडले. म्हणून लिस्पवाले साठ वर्षं डायरेक्ट झाडच टाइप करतायत, आमच्या टीममधल्या पहिल्या पंथाचे ते आदिपुरुष म्हणायला हरकत नाही.

आणि हो, इथपर्यंत कुणाच्या तरी तोंडावर पाणिनी आलेलाच असणार, कारण संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सर्वोत्तम भाषा हा फॉरवर्ड आमच्या फॅमिली ग्रुपवर दर चतुर्थीच्या आसपास येतोच. त्या फॉरवर्डचं सोडा. पण अल्गोल ६० या जुन्या प्रोग्रामिंग भाषेचे नियम ज्या पद्धतीने लिहिले तिला बॅकस आणि नॉर यांचं नाव मिळालं, आणि १९६७ मध्ये पीटर इंगरमन नावाच्या गृहस्थाने एका कॉम्प्युटर मासिकाला पत्र लिहून सुचवलं की तिला पाणिनी-बॅकस म्हणा, हे खरं आहे. नाव काही बदललं नाही. पत्र लिहिणाऱ्याची तळमळ मात्र मला आवडते.

तर हे सगळं मी इतकं का उकरतोय, तर ऑफिसात एक जुनं फंक्शन काढून त्याच्या जागी नवीन आणायचं काम माझ्याकडे आलंय आणि ते शेकडो फायलींत पसरलंय, हाताने करण्यात अर्थ नाही. पायथनच्या ३.९ पासून झाडावरून परत कोड लिहून घेता येतो. छान. पण परत आलेला कोड बघितला की पोटात गोळा येतो. गरज नसलेले कंस तर गेलेच, दुहेरी अवतरणांची एकेरी झाली, कुणीतरी हौसेने हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) लिहिलेले आकडे साधे दशमान होऊन आले, आणि कॉमेंट, म्हणजे माणसांसाठी कोडमध्ये लिहिलेल्या टिपा, सगळ्या गायब. झाडात त्या कधी चढल्याच नव्हत्या ना. डॉकस्ट्रिंग (फंक्शनच्या सुरुवातीला लिहिलेली त्याची माहिती) तेवढी वाचते, कारण ती कॉमेंट नाहीच मुळी, नुसती लिहून सोडून दिलेली स्ट्रिंग आहे आणि तिला रीतसर नोड मिळतो. गोवाल्यांनी त्यांच्या झाडात कंसालाही नोड दिलाय आणि कॉमेंटपण ठेवल्यात (गोवाले म्हणजे ती भाषा, आम्ही नव्हे), पण झाडात फेरफार केले की त्या कॉमेंट भलत्याच ओळीजवळ जाऊन उभ्या राहतात असा तिथल्या लोकांचा जुनं रडगाणं आहे.

म्हणून शेवटी मी इन्स्टाग्रामच्या लोकांनी काढलेली लिबसीएसटी ही लायब्ररी घेतली, पायथनचं झाड बांधून देणारी. ती काहीही टाकत नाही. स्वल्पविरामाला नोड, डाव्या कंसाला नोड, उजव्याला वेगळा, दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेलासुद्धा नोड. एका साध्या ओळीचं झाड छापलं तर स्क्रीन भरते आणि आपल्याला हवा तो नोड शोधताना डोळे दुखतात, तरी मला ती आवडली. कारण आमच्या कोडमध्ये बिलिंगच्या फाईलीत एक ओळ आहे, रोमन लिपीत, अर्धी कोकणी अर्धी मराठी, नोकरी सोडून गेलेल्या कुणाची तरी, चतुर्थी झाली की हें काढून टाकणे. कुठल्या वर्षीची चतुर्थी ते लिहिलेलं नाही, हें म्हणजे काय तेही नाही, खालच्या ओळी काढायची हिंमत आजवर कुणी केलेली नाही. लिबसीएसटीच्या झाडात तिला स्वतःचा नोड आहे, आणि तिच्यानंतर ओळ संपते त्यालाही.