दुपारचं जेवण, पाहुणा वक्ता आणि ताटांचा आकडा

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांच्या माजी विद्यार्थ्यांचे शहरोशहरी क्लब असतात. त्यातले बरेच दर महिन्या-दोन महिन्यांनी दुपारचं जेवण ठेवतात आणि सोबत एका पाहुण्याचं भाषण. इकडे शिकून स्थिरावलेल्या मराठी माणसाच्या गळ्यात या क्लबचं काम कधी ना कधी पडतंच, म्हणून हे लिहून ठेवतो.

वक्ता कोण बोलवायचा, यावर समितीत तासन्‌तास काथ्याकूट होतो. कार्यक्रम अंगाशी येतो तो मात्र ताटांच्या आकड्यामुळे. हॉटेलं साधारण तीन कामाचे दिवस आधी पक्का आकडा मागतात. तो नंतर वाढवता येतो, कमी करता येत नाही. चाळीस सांगितले आणि तेहतीस आले, तरी बिल चाळिसांचंच. नोंदणी फुकट ठेवली की 'येतो' म्हणणारे ऐनवेळी टांग मारतात. म्हणून पैसे आधीच घ्यावेत आणि परताव्याची मुदत आकडा कळवण्याच्या आदल्या दिवशी संपवावी. स्वयंपाकघर बहुधा दोन-चार ताटं जास्तीची ठेवतं, त्यामुळे नोंदणीपेक्षा किंचित कमी आकडा दिलेला चालतो. किती जास्तीची, ते मात्र आधी विचारून घ्या.

मेन्यूवरच्या भावापुढे दोन अधिकचिन्हं दिसली तर सावध व्हा. एक सर्व्हिस चार्जचं, दुसरं कराचं. आणि बऱ्याच राज्यांत सर्व्हिस चार्जवरही कर लागतो. उदाहरणार्थ, ४० डॉलरच्या ताटावर २२ टक्के सर्व्हिस आणि ८ टक्के कर धरला तर ताट ५२ डॉलर ७० सेंटला पडतं. हॉटेलच्या करारात जेवणावर किमान अमुक इतका खर्च करायची अट असेल तर त्यात सहसा या दोन्ही रकमा धरत नाहीत. वक्त्याचं ताटही क्लबच्याच खात्यावर जातं, तेही तिकिटाच्या दरात बसवा.

शाकाहाराचा प्रश्न आपल्याला जिव्हाळ्याचा. नोंदणीच्या फॉर्मवर नुसतं 'व्हेजिटेरियन' पुरत नाही, कारण मासे चालतात असं समजणारे इथे भेटतात. मांस, मासे, अंडी, दूध असे वेगवेगळे रकाने द्या आणि नावाच्या चिठ्ठीवर रंगीत टिकली चिकटवा, म्हणजे वाढप्याला दर खुर्चीपाशी विचारत बसावं लागत नाही.

वेळ: पावणेबाराला दार उघडायचं, बारा-पाचला सगळे जागेवर, बारा-पस्तीसला वक्ता उभा. वीस मिनिटं भाषण, पंधरा मिनिटं प्रश्न आणि सव्वाला निरोप. नोकरदारांना दीडच्या मीटिंगला पोचायचं असतं. एकदा उशीर झाला की पुढच्या खेपेला ते फिरकत नाहीत. सॅलड आणि गोड पदार्थ लोक यायच्या आधीच टेबलावर मांडून ठेवायला सांगा. नाहीतर वक्ता ऐन मुद्द्यावर येतो आणि मागे बश्यांचा खणखणाट सुरू होतो. कॉफीही भाषणाआधी एकदाच फिरवून घ्यावी.

साठ इंची गोल टेबलाला आठ जण बसतात, पण मग निम्म्यांची पाठ वक्त्याकडे. वक्त्याकडची बाजू मोकळी सोडून पाच-सहाच बसवा. श्रोत्यांसाठी वेगळा माइक नसेल, तर सूत्रसंचालकाने प्रत्येक प्रश्न मोठ्याने परत सांगावा. पुढच्या टेबलांना त्याचा कंटाळा येतो खरा, पण मागच्यांना निदान उत्तर कशाचं चाललंय ते कळतं.

निवडणुकीच्या वर्षी विशेष जपा. क्लब करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेला असेल, तर १९५४ च्या कायद्यानुसार त्याला कुणा उमेदवाराची बाजू घेता येत नाही. एका उमेदवाराला बोलावलं तर बाकीच्यांनाही तशीच संधी द्यावी लागते आणि त्या कार्यक्रमात देणग्या गोळा करता येत नाहीत. माझं मत विचाराल तर त्या काळात उमेदवार नकोतच. मतदानाचा अभ्यास करणारा प्राध्यापक बोलवा, गर्दी तेवढीच होते.

वक्ता आयत्या वेळी आजारी पडू शकतो. सभासदांपैकीच एक-दोघांना वीस मिनिटांचा विषय तयार ठेवायला सांगून ठेवा आणि त्यांचे फोन नंबर सूत्रसंचालकाच्या खिशात असू द्या. ताटांचा आकडा तर तोवर देऊन झालेला असतो.