तुम्ही विचारलंत म्हणून: याद्या करण्यात कसलं संशोधन?

बीजगणित म्हणजे इथे बेरीज-गुणाकार करता येणाऱ्या घटकांची एक रचना; निलपोटंट म्हणजे जिच्यात पुरेसे घटक एकापुढे एक गुणत गेलं की उत्तर नेहमी शून्यच येतं. कमी मितींच्या अशा निलपोटंट बीजगणितांचं वर्गीकरण हा माझा विषय, असं सांगितलं की पुढचा प्रश्न हमखास येतो: "म्हणजे याद्याच करायच्या ना? त्यात शोधायचं काय?"

यादीत नाव घालणं सोपं. तेच बीजगणित वेगळ्या वेशात आधीच येऊन बसलेलं नाही ना, याची खात्री करण्यात महिने जातात.

अ, ब, क असे तीन आधारघटक घ्या, म्हणजे ज्यांच्या पटी आणि बेरजांतून बाकी सगळे घटक बनतात; ते किती, ती बीजगणिताची मिती. ली बीजगणितात कुठलाही घटक स्वतःशी गुणला की शून्य, आणि क्रम उलटला की चिन्ह बदलतं. अ×ब = क, ब×अ = −क, बाकी सगळं शून्य: हे हायझेनबर्ग बीजगणित. तीन मितींत याखेरीज एकच निलपोटंट ली बीजगणित आहे, सगळेच गुणाकार शून्य असलेलं.

लायब्नित्स बीजगणितांत 'स्वतःशी गुणलं की शून्य' ही अट नसते. मग अ×अ = प·क, ब×अ = क, ब×ब = क, बाकी शून्य, असंही चालतं. प ही कुठलीही संमिश्र संख्या. आणि प बदलला की दर वेळी नवं बीजगणित! कशावरून? अ आणि ब यांच्या चार गुणाकारांचं मॅट्रिक्स मांडा, त्याचे सममित (कर्णाभोवती उलटलं तरी तसाच राहणारा) आणि प्रतिसममित (उलटलं की चिन्ह बदलणारा) भाग वेगळे करा. त्यांचे निश्चयक येतात प − १/४ आणि १/४, गुणोत्तर ४प − १. आधार कसाही बदला, दोन्ही निश्चयक एकाच पटीत बदलतात, गुणोत्तर जागचं हलत नाही. असं न हलणारं काहीतरी हाती लागणं, हेच आमचं शोधणं. मला ते अजूनही फार सुंदर वाटतं.

ली बीजगणितांत अशी अनंत कुटुंबं थेट सातव्या मितीत भेटतात. तिथवर संमिश्र संख्यांवर तीन ते सहा मितींत निलपोटंट ली बीजगणितं अनुक्रमे २, ३, ९ आणि ३०. वास्तव संख्यांवर मात्र सहाव्या मितीत ३४. गणिती उमलाउफ यांनी जर्मनीत लाइपझिगला १८९१ च्या प्रबंधात हे काम हाती घेतलं होतं.

गेल्या पावसाळ्यात माझ्या यादीतल्या दोन नोंदी आठ दिवस वेगळ्या वाटत होत्या. केंद्राची, म्हणजे ज्यांचा कशाशीही गुणाकार शून्य येतो अशा घटकांच्या समूहाची, मिती सारखी, तरी गुणाकारांचे तक्ते जुळेनात. नवव्या दिवशी ब च्या जागी ब + २अ घालून पाहिलं आणि दोन्ही तक्ते एक झाले. एक ओळ खोडली, खालचे अनुक्रमांक बदलले.