सहाव्या स्तरावरील संघाची रचना

फुटबॉल मॅनेजर या संगणकावरील खेळात, जिथे आपण संघाचे व्यवस्थापक असतो, मी गेल्या वर्षी नॅशनल लीग नॉर्थमधील, म्हणजे इंग्लंडच्या सहाव्या स्तरावरील, एक संघ हाती घेतला आणि खेळाडूंकडे न पाहता स्वतःच्या आवडीची शैली त्यांच्यावर लादली. चेंडू गमावताच सर्वांनी मिळून प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडायचे, ही ती गेगेनप्रेस शैली. पहिल्या नऊ सामन्यांपैकी सहा आम्ही हरलो. सुटीत दांडिया बाजारातील आमच्या घरी आलेल्या भाच्याने शेजारी बसून दोन सामने पाहिले आणि तो म्हणाला, "मामा, सत्तराव्या मिनिटानंतर तुमचे मधल्या फळीतले खेळाडू पुढे धावतात, पण परत येत नाहीत."

त्याचे निरीक्षण अचूक होते. खेळाडूंचे गुण येथे १ ते २० या श्रेणीत मांडलेले असतात. माझ्या मधल्या फळीचा दमसास आठ-नऊच्या घरात होता आणि चेंडू पहिल्या स्पर्शात ताब्यात घेण्याचे कसब त्याहूनही कमी. शिवाय या स्तरावर पुष्कळ खेळाडू अर्धवेळ करारावर असल्यामुळे सरावाची सत्रे कमी मिळतात आणि कोणतीही रचना अंगवळणी पडायला बराच काळ जातो, म्हणून दर पराभवानंतर ती बदलणारा व्यवस्थापक आपल्याच संघाला कायम नवशिका ठेवतो.

मी ४-४-२ वर आलो आणि तिथेच राहिलो. चौघांच्या दोन रांगांत प्रत्येकाला आपली जागा सहज कळते, निर्णयक्षमता कमी असलेल्या खेळाडूवर फारसा भार पडत नाही आणि बगलेवर एकाच्या मदतीला दुसरा असतो. बचावफळी थोडी मागे घेतली, सूचना चार-पाचच ठेवल्या. पुढे एक उंच, ताकदवान आघाडीवीर आणि त्याच्या जोडीला एक वेगवान. नवा खेळाडू घेताना मी आता सर्वप्रथम वेग पाहतो, कारण येथील बचावपटूंची एकाग्रता कच्ची असते आणि त्यांच्या पाठीमागे टाकलेल्या चेंडूवर वेगवान खेळाडू एकटाच पोहोचतो.

लांब पासबद्दल अनेकांच्या मनात तुच्छता असते, ती मला मुळीच मान्य नाही. पावसाळ्यात वडोदऱ्याच्या पोलो ग्राउंडवर जो खेळला आहे, त्याला चिखलात आखूड पास मध्येच कसा रुतून बसतो हे सांगावे लागत नाही. खेळातही हिवाळ्यात लहान क्लबांची मैदाने खराब होत जातात आणि जमिनीवरून चेंडू फिरवणे अवघड होते. प्रत्यक्षातील विम्बल्डन हा लंडनचा फुटबॉल क्लब १९७७ मध्ये चौथ्या विभागात दाखल झाला, १९८६ मध्ये पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च, विभागात पोहोचला आणि १९८८ च्या एफए कप या इंग्लंडमधील बाद फेरीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने लिव्हरपूलला १-० ने हरवले. तो गोलही फ्री किकवर डोक्याने मारलेला होता. त्या क्लबने थेट खेळाची लाज कधी बाळगली नाही. मीही कॉर्नर आणि लांब थ्रो-इन यांची आखणी बारकाईने केली, आणि त्यांतून मिळालेल्या गोलांनीच आम्हाला तळातून वर आणले.

४६ सामन्यांचा हंगाम आम्ही आठव्या स्थानावर संपवला, म्हणजे प्लेऑफपासून, वरच्या स्तरावर जाण्यासाठीच्या सामन्यांपासून, एक पायरी दूर. घरच्या मैदानावर दुबळे संघ मागे दाटी करून बसले की त्यांच्या पाठीमागे जागाच उरत नाही आणि माझा वेगवान आघाडीवीर निरुपयोगी ठरतो. अशा सामन्यांत रचना तीच ठेवून उजव्या बचावपटूला पुढे सोडण्याचा आणि चेंडू त्याच्याकडून उंच आघाडीवीराच्या डोक्यावर टाकण्याचा प्रयोग सध्या चालू आहे.