कंपाइल झालं, पण मॉड्यूल सापडेना

रत्नागिरीच्या आमच्या छोट्या डिझाइन ऑफिसात जुलैच्या पावसात ना लाइटचा भरवसा, ना नेटचा. म्हणून ग्राहकाच्या पुण्यातल्या सर्व्हरवर चालणारं सिम्युलेशन इथल्या मशीनवरही चालेल अशी सोय करून ठेवतो. भरती-ओहोटीची पातळी नोंदवणाऱ्या एका कार्डाचं व्हेरिलॉग (हार्डवेअरचं वर्णन लिहायच्या भाषेतला कोड) असंच उतरवून घेतलं. इथलं टूल वेगळं. सगळ्या फाइली विनातक्रार कंपाइल झाल्या आणि इलॅबोरेशनला, म्हणजे मॉड्यूल्स एकमेकांना जोडायच्या टप्प्याला, उत्तर आलं: यूएआरटी_आरएक्स (सिरियल डेटा घेणारं) मॉड्यूल सापडत नाही. लॉगमध्ये तीच फाइल कंपाइल झाल्याची ओळ स्वच्छ दिसत होती.

फाइलनावातलं कॅपिटल-स्मॉल, परवानग्या, सगळं पाहून झालं. मग टूलला प्रत्येक लायब्ररीत (कंपाइल झालेली मॉड्यूल्स ठेवायच्या कप्प्यात) काय आहे त्याची यादी मागितली. आरटीएल_लिब रिकामी, सगळी मॉड्यूल्स ‘वर्क’ नावाच्या लायब्ररीत. कुठली फाइल कुठल्या लायब्ररीत जावी हे लायब्ररी मॅप फाइल सांगते; तिच्यातल्या कुठल्याच पाथशी न जुळलेली फाइल वर्कमध्येच जाते, हा स्टँडर्डचा नियम. आणि कॉन्फिगच्या लिबलिस्टमध्ये, म्हणजे मॉड्यूल कुठल्या लायब्रऱ्यांत शोधायचं त्या यादीत, वर्क नव्हतीच.

म्हणजे गोंधळ त्या मॅप फाइलमध्ये. त्यातल्या दोन ओळी अशा (इथे देवनागरीत उतरवल्यात):

लायब्ररी आरटीएल_लिब ../आरटीएल/*.व्ही;
लायब्ररी आयपी_लिब ../आयपी/यू*/कोअर.व्ही;

शेलची (कमांड लाइनची, जिथे स्टार म्हणजे ‘काहीही’) सवय असलेल्याला यात वावगं काहीच दिसणार नाही. पण पहिल्या ओळीत स्लॅशला लागून स्टार आहे, आणि व्हेरिलॉगमध्ये ती कॉमेंटची सुरुवात! दुसऱ्या ओळीत ‘यू’च्या पुढे स्टार आणि लगेच स्लॅश, म्हणजे कॉमेंटचा शेवट. मधलं सगळं गडप. आमच्या टूलनं उरलेली दोन टोकं चिकटवून ‘../आरटीएलकोअर.व्ही’ असा पाथ वाचला. अशी फाइलच नाही, पण पाथशी काही जुळलं नाही ही त्याच्या लेखी चूक नव्हे, म्हणून एररही नाही. कॉमेंटच्या जागी टूलनं एक स्पेस सोडली असती तर निदान सिंटॅक्स एरर तरी आली असती.

फोनवर ग्राहकाकडचा इंजिनीअर म्हणाला, “सर, आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय.” चालणारच. त्यांचं टूल लायब्ररीच्या नावानंतरचा मजकूर पाथ म्हणून वेगळा वाचतं, कॉमेंट शोधत नाही. दोन्ही टूलांना बोलायला जागा आहे. लायब्ररी मॅप आला व्हेरिलॉगच्या आयईईई १३६४ या स्टँडर्डच्या २००१च्या आवृत्तीत, पुढे २००९मध्ये व्हेरिलॉग सिस्टिमव्हेरिलॉगच्या १८०० या स्टँडर्डमध्ये विलीन झालं तेव्हा तोही तिकडे गेला. ‘./*.व्ही’ आणि ‘*.व्ही’ एकच, असं स्टँडर्डच सांगतं, आणि त्यातल्या पहिल्यात कॉमेंटची खूण बसलेली आहे! माझ्या मते अवतरणचिन्हांशिवाय पाथ लिहू देणं हीच मूळ खोट.

उपाय दोन. टूल मानत असेल तर प्रत्येक पाथ दुहेरी अवतरणांत टाका. मानत नसेल तर मॅप फाइलच आरटीएल फोल्डरात ठेवा आणि नुसतं ‘*.व्ही’ लिहा. मॅपमधले सापेक्ष पाथ त्या मॅप फाइलच्या फोल्डरपासून मोजले जातात, कमांड कुठून दिली त्यावर नाही. वरच्या मॅपमधून ती इन्क्लूड करायची, आणि तिथे इन्क्लूडच्या आधी व्हेरिलॉगमधला नेहमीचा बॅकटिक (उलटं एकेरी अवतरण) लावायचा नाही. पाथ स्लॅशवर संपवला तर त्या फोल्डरातल्या सगळ्या फाइली येतात, पण मग जुन्या बॅकअप फाइलीही आत शिरतात.

अवतरणं टाकल्यावर खरी एरर दिसली. वरच्या दोन ओळींच्या मध्ये, कॉमेंटनं गिळलेल्या, आणखी दोन लायब्रऱ्या होत्या, एकीत ‘यूएआरटी*.व्ही’, दुसरीत ‘*_आरएक्स.व्ही’. इतके दिवस पुण्याच्या टूलनं हे कसं खपवून घेतलं कोण जाणे. फाइल अनेक पाथशी जुळली तर आधी पूर्ण नाव दिलेला पाथ, मग वाइल्डकार्डवाला (स्टार असलेला), शेवटी नुसता फोल्डर, असा क्रम आहे. त्यामुळे पहिल्या ओळीतला फोल्डर जोडलेला ‘*.व्ही’सुद्धा याच पायरीवर येतो. एकाच पायरीवर दोन लायब्रऱ्या भिडल्या की एरर. म्हणून पहिल्या ओळीतला सरसकट ‘*.व्ही’ काढून तिथे फाइलींची नावं लिहिली, आणि यूएआरटी_आरएक्स.व्ही हे पूर्ण नाव एकाच लायब्ररीत ठेवलं.

मग सिम्युलेशन चाललं, तरी भरतीच्या टेबलाची मेमरी एक्स-एक्सच, म्हणजे न भरलेली. फाइलमधून मेमरी भरणाऱ्या रीडमेमएच या कमांडला दिलेल्या पाथमध्ये विंडोजचा बॅकस्लॅश होता आणि पुढचं अक्षर इंग्रजी टी. स्ट्रिंगमध्ये त्या जोडीचा टॅब होतो. बॅकस्लॅशच्या जागी साधा स्लॅश टाकल्यावर टेबल भरलं. विंडोजवरही तो चालतो.