किटली, इंडक्शन आणि पाच बादल्या

सांगलीत विश्रामबागेतल्या एका फ्लॅटमध्ये गीझरची टाकीच फुटली होती. दुरुस्तीचा प्रश्नच नव्हता, नवा यायला आठवडा. गॅस असता तर मोठं पातेलं चढवून भागलं असतं, पण सिलिंडरही नेमका संपलेला. घरात पाच माणसं, वर डिसेंबरची थंडी. काकू म्हणाल्या, "अहो, किटली आहे, इंडक्शन आहे, राइस कुकर आहे. एवढ्यावर आंघोळी निघतील का?"

एका युनिटमध्ये ८६० लिटर पाणी एका अंशाने तापतं. टाकीतलं पाणी २२ अंश, अंगावर घ्यायला ४२ पुरे. १५ लिटरच्या बादलीला ०.३५ युनिट, पाच बादल्यांना पावणेदोन. पाणी किटलीत तापवा नाहीतर गीझरमध्ये, युनिटं जवळपास तेवढीच. अडतं ते वेळेवर आणि वायरिंगवर.

एका बादलीत उकळतं पाणी जेमतेम चार लिटर लागतं, म्हणजे दीड लिटरच्या अडीच किटल्या. १५०० वॉटची किटली कागदावर साडेपाच मिनिटांत उकळते. तिथं मीटर लावला तर सकाळी २३० ऐवजी २०५ व्होल्ट! व्होल्टेज ११ टक्के पडलं की वॉट २० टक्के पडतात. १५०० चे १२०० होतात. शिवाय किटलीच्या तळाला बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. एका किटलीला आठ मिनिटं धरा. पाच बादल्यांना तेरा वेळा भरायची, पावणेदोन तास गेले.

राइस कुकर बाजूलाच ठेवला. त्यातलं पाणी आटेपर्यंत त्याचा स्विच पडत नाही, नुसती वाफ काढत बसतो.

इंडक्शन कामाचं. २००० वॉटवर आठ लिटर पाणी झाकण ठेवून २७ मिनिटांत उकळतं, दोन बादल्या होतात. जोडीला किटली चालवली तर पाऊण तासात पाचही आंघोळींचं पाणी निघतं.

पण दोन्ही मिळून ३५०० वॉट, म्हणजे १५ अँपिअर. किचनची लाइन १६ अँपिअरच्या एमसीबीवर (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), तिच्यावरच फ्रिज. वर मिक्सर लावला तर एमसीबी पडू शकतो. आणि किटली होती ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शनवर. ती एकटीच साडेसहा ओढते. सॉकेटचं एक भोक तपकिरी पडलं होतं, प्लगची पिन काळी. आतली पत्ती सैल झाली की तिथंच तापतं, तापलं की आणखी सैल होते. एमसीबीला यातलं काही कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

गीझरचा पॉइंट मोकळाच आहे, किटली तिथं लावू का, असंही विचारून झालं. बाथरूममध्ये, ओल्या हातांनी? अजिबात नाही.

शेवटी इंडक्शन ड्राय बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनच्या पॉइंटवर गेलं. १६ अँपिअर, एमसीबी वेगळा, तेवढ्या वेळात मशीन बंद. किटली किचनच्या पॉवर प्लगमध्ये थेट. तळाचा थर काढायला लिंबूसत्त्वाचे दोन चमचे घालून लिटरभर पाणी गरम करून अर्धा तास ठेवायचं, मग दोनदा विसळायचं. पातेलं उकळीपर्यंत न्यायचं नाही, ६० अंशांवर उतरवायचं: बादलीला आठ लिटर लागतं खरं, पण उचलताना हिंदकळलं तरी उकळत्या पाण्याइतकं भाजत नाही. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. पोरांना त्या वेळी बाथरूमच्या दारात उभं राहू द्यायचं नाही.