सात सूत

श्रावणी सोमवार, रात्री

दुपारी वहिनी आली होती. टेबलावर पट्टीनं मापून कापलेले गोधडीचे त्रिकोण बघून म्हणाली, "आईंच्या गोधडीला कुठं पट्टी लागत होती गो?" एवढंच. चहा घेऊन फोंड्याच्या बसला गेलीसुद्धा. मी तेव्हापासून कटरला हात लावलेला नाही.

तिचं म्हणणं खोटं नाही. आई जुन्या साडीवर तुकडा ठेवायची, कड आत दुमडायची आणि धावदोरा घालत पुढं जायची. तुकडा कमी पडला तर शेजारचा थोडा सरकायचा. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकाही कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच कडेपासून मध्याकडं शिवत नेतात. पण माझ्या नक्षीत त्रिकोणांची टोकं एकाच बिंदूत भेटायची आहेत. पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं कापड, प्रत्येक बाजूनं आत जाते, दोऱ्याची आणि घडीची जाडी आणखी थोडं खाते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; तुकड्यामागं अर्धा सूत कमी भरलं तरी ८ तुकड्यांच्या ओळीत अर्धा इंच जातो. मग खालची ओळ तिला जुळणार कशी? हे सगळं जिभेवर होतं. बोलले नाही.

इतकं का लागलं? मशीन तिच्याकडं राहिलं म्हणून? ते जाऊ दे.

लागलं ते हे, की एवढा जीव ओतते तो कुणाला दिसत नाही. शिवून झाल्यावर चौकोन ३ इंचांचा हवा, तर नमुन्याप्रमाणं कापायचा ३ इंच ७ सूत आणि मग तिरका दुभागायचा. त्यात हा पाऊस. खळ लावलेलं कापडसुद्धा संध्याकाळपर्यंत मऊ पडतं, आणि तिरका काप म्हणजे उरेब कड, जरा बोट लागलं की लांबते. वर मी घेतलीय कुणबी साडीची लाल चौकडी. तिच्यात केसभर वाकडं गेलेलंही डोळ्यांत भरतं. तासन्‌तास मान मोडून बसायचं, आणि ऐकायचं काय, तर पट्टी कुठं लागत होती.

जेवल्यावर वही घेऊन त्या सात सुतांचाच हिशोब मांडला. पाव इंच मायेसाठी अशा त्रिकोणाला खरी वाढ लागते ०.८५४ इंच. सात सूत म्हणजे ०.८७५. नमुन्यातला आकडाच अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त आहे, पट्टीवर मोजता यावा म्हणून वर नेलेला! आखणाऱ्यांनीसुद्धा कुठंतरी 'चालेल' म्हटलंच की. हे कळल्यावर मन एकदम हलकं झालं. आईही तेच म्हणायची, फक्त कागदावर नाही.

तर आता चौकोन सरळ ४ इंचांचे कापायचे. दोन रंगांचे एकमेकांवर ठेवून कर्णाची रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर शिवायचं, मग रेघेवर कापायचं. उरेब कड शिवणीत आधीच धरलेली असल्यामुळं ओढली जात नाही. इस्त्री करून, पट्टीची ४५ अंशांची रेघ शिवणीवर ठेवून साडेतीन इंचांवर छाटायचं. सूतभर कापड जास्त जाईल, जाऊ दे.

गणपतीच्या चवथीपर्यंत मधला भाग तरी उभा राहायला हवा. लाल चौकडी पुरणार नाही असं दिसतंय. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बघते. नवं कापड मात्र आधी भिजवून घ्यायचं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आकसेल.